भिंतीवरची अमूर्त गोधडी: कापड निवडण्यापासून दालनात टांगण्यापर्यंत

अंथरायची गोधडी आडवी असते, तिचा भार गादी किंवा जमीन पेलते. भिंतीवरच्या क्विल्टचा सगळा भार वरच्या कडेवर येतो आणि तो रोज खाली ओढत राहतो. त्यात प्रदर्शनात उजेड बाजूने किंवा वरून पडतो, म्हणून शिवणीतला प्रत्येक झोळ आणि फुगवटा सावलीसकट दिसतो. चांगली रचना असलेली कामं भिंतीवर पडलेली दिसतात ती बहुतेक वेळा याच कारणाने: कडा लाटेसारख्या वळलेल्या, मधे पोट सुटलेलं, वरच्या काठावर काठीचा उंचवटा. म्हणून टांगण्याचा विचार शेवटी करायचा नसतो. कापड हातात घेतानाच तो सुरू होतो.

इथे 36 × 48 इंचांची उभी क्विल्ट धरून मापं दिली आहेत. हे माप सोयीचं आहे. 44 इंच पन्ह्याच्या कापडात अस्तर जोडाशिवाय निघतं, घरगुती मशीनवर काम पेलतं, आणि कोपरे काटकोनात आहेत का हे एका टेपने तपासता येतं. ते कसं, ते पुढे येईलच.

रंगवलेल्या चित्रासारखी क्विल्ट भिंतीवर लावून बघायची सवय तशी फार जुनी नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने 1971 साली जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातल्या अमेरिकन क्विल्ट अमूर्त चित्रांसारख्या टांगल्या आणि तिथून चर्चा वाढली. 2002 मध्ये ह्यूस्टनला अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्विल्ट दाखवल्या गेल्या. कामाचे जुने कपडे फाडून केलेल्या त्या रचना आजही बघून शिकाव्यात अशा आहेत. आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलं होतं. कवंदीत ठिगळं कडेकडून शिवत मधे येतात आणि कोपऱ्यांवर घडीच्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुलं’ लावतात. यातली एखादी कवंदी नीट न्याहाळा. ठळक तुकडा कुठे ठेवलाय आणि त्याच्या शेजारी किती मोठी शांत जागा सोडलीय, हे बघितलं तर रचनेचा अर्धा अभ्यास तिथेच होतो.

कापड आणि सामान

44 इंच पन्ह्याचं एक मीटर कापड म्हणजे जवळजवळ नेमकं 36 × 48 इंचांचं क्षेत्रफळ. पण प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेली कड) आत जाते. 2 इंचांच्या पट्ट्या जोडल्या तर दिसतो दीड इंच, म्हणजे एका दिशेतच पाव भाग गेला. त्यामुळे दर्शनी बाजूसाठी सगळे रंग मिळून सव्वादोन ते अडीच मीटर कापड धरा. आठ-दहा रंग पुरतात. त्यातले दोन जास्त प्रमाणात आणि एक अगदी चिमूटभर ठेवा.

याशिवाय अस्तराला दीड मीटर. कडेच्या पट्ट्या आणि टांगायची काठी घालायला मागे लावायची कापडी नळी यांसाठी पाऊण मीटर. आत भरण म्हणून पातळ सुती वॅडिंग किंवा धुऊन मऊ झालेल्या धोतराचे, सुती साडीचे दोन थर. भरण तीन थरांच्या वर नेऊ नका. अंगावर घ्यायला ऊब लागते, भिंतीला नाही, आणि प्रत्येक थराचं वजन वरची कड पेलत असते. पॉलिस्टरचं भरण हलकं पडतं, पण त्याचे तंतू गडद कापडातून पांढऱ्या लवीसारखे बाहेर येतात आणि काळ्या-निळ्या कामावर ते धूळ बसल्यासारखे दिसतात.

कापड एकाच जाडीचं घ्या: केंब्रिक, पॉपलिन, बारीक खादी, मांजरपाट. जुनं कापड वापरायचं तर दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. कर्रर्र आवाज आला किंवा धागे सरकले तर ते सोडून द्या. साडी निऱ्यांच्या आणि बसण्याच्या जागी विरते, पदराकडचा भाग बहुधा धड असतो. इरकल किंवा खण घेतलात तर काठ वेगळा काढून वापरा, कारण काठाची वीण घट्ट असते आणि शेजारचं कापड त्याच्याभोवती चुरगळतं. टू बाय टूसारख्या पातळ कापडाला मागून हलकं फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवलं की ते बाकीच्यांच्या बरोबरीला येतं. कापडातली जर मात्र टाळावी असं आमचं मत आहे. तिची तार घडीवर मोडते आणि शेजारच्या सुताला कापते.

सगळं कापड, अस्तरसुद्धा, कापण्याआधी धुवा. लाल, मरून, गडद निळा आणि काळा यांची वेगळी परीक्षा घ्या. ओल्या कापडाचा तुकडा पांढऱ्या कापडाच्या दोन घड्यांत दाबून रात्रभर ठेवा. सकाळी डाग दिसला तर पुन्हा धुवा, आणि तिसऱ्यांदाही रंग सुटला तर तो तुकडा या कामात नको. शेवटी क्विल्ट ओली करून ताणायची आहे, आणि सुटलेला रंग तेव्हा शेजारच्या पांढऱ्यात उतरला तर काढता येत नाही. हळदीचा पिवळा उजेडात भराभर उडतो. प्रदर्शनाच्या कामात तो घालू नका.

रचना भिंतीवर ठरवायची

टेबलावर तुकडे मांडून रचना ठरवली की ती जवळून छान आणि लांबून गोंधळलेली निघते. जुनं फ्लॅनेल किंवा पातळ ब्लँकेट भिंतीवर ताणून ठोका. सुती तुकडे त्याला आपोआप धरतात, मोठ्यांना एखादी टाचणी लावा. मग दहा फूट मागे जाऊन बघा.

आधी रंग विसरा, गडद-फिका बघा. सगळे तुकडे मांडून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही भांडताना दिसोत, या फोटोत ते एकाच राखाडी पट्ट्यात मिसळत असतील तर लांबून तिथे काहीच दिसणार नाही. फोटोत किमान तीन पायऱ्या स्पष्ट हव्यात: गडद, मधला, फिका. आणि त्यांची प्रमाणं समान नसावीत. एकाने अर्ध्याहून जास्त जागा घ्यावी, एकाने अगदी थोडी.

अमूर्त म्हणजे हाताला येईल ते जोडणं नव्हे. सुरुवातीला एकच गोष्ट ठरवा, उदाहरणार्थ ‘एक बारीक उभी रेघ चार मोठ्या क्षेत्रांतून जाईल आणि प्रत्येकात थोडी सरकेल’. मग जो तुकडा त्या ठरवलेल्या गोष्टीला मदत करत नाही तो काढा, कितीही आवडता असला तरी. मांडणी उलटी टांगून बघा, आडवी करून बघा. नजर सारखी एकाच कोपऱ्यात अडकत असेल तर तिथला विरोध कमी करा. दोन-तीन दिवस ती तशीच राहू द्या आणि येता-जाता बघत राहा.

जोडणी

मशीनला 11 नंबरची सुई, 50 नंबरचा सुती दोरा, टाका 2 ते सव्वादोन मिलिमीटर. माया पाव इंच, आणि ती सगळीकडे पाव इंचच. मुक्त हस्ताने कापलेल्या रचनेत माया कशीही चालते असा समज आहे, पण तुकडे वाकडे कापता येतात, शिवण वाकडी चालत नाही. माया कमी-जास्त झाली की पृष्ठभाग सपाट राहत नाही.

लांब पट्ट्या एकाच टोकापासून शिवत गेलात तर पूर्ण तुकडा केळ्यासारखा वळतो, कारण मशीनचे दाते खालचं कापड वरच्यापेक्षा थोडं जास्त ओढतात. एक शिवण वरून खाली, पुढची खालून वर, असं करा. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री हवी, पण इस्त्री उचलून ठेवायची, घासायची नाही. उरेब कापलेला तुकडा घासला की तो ताणला गेलाच. माया गडद कापडाकडे वळवा, नाहीतर फिक्या कापडातून ती काळसर रेघ म्हणून दिसते.

बारीक रेघ घालणं हे अमूर्त कामातलं सर्वात उपयोगी तंत्र, म्हणून त्यावर जरा थांबू. तुकडा जिथे रेघ हवी तिथे कापा. मधे पट्टी घालून दोन्ही बाजू शिवा. पट्टी 1 इंचाची असेल तर रेघ अर्धा इंच दिसते आणि मूळ तुकड्याचं माप होतं तेवढंच राहतं. पट्टी पाऊण इंचाची असेल तर रेघ पाव इंच दिसते आणि तुकडा पाव इंचाने अरुंद होतो. अशा पाच रेघा घातल्या की सव्वा इंच गेला, तो आधी धरून ठेवा. पाव इंचाची रेघ सरळ यायची असेल तर दुसरी शिवण पट्टीच्या कडेवरून मोजू नका. पहिल्या शिवणीपासून पाव इंचावर खडूने रेघ आखा आणि तिच्यावर टीप मारा.

दुसरी रेघ पहिलीला तिरकी छेदत असेल तर पहिली तुटून पायरीसारखी सरकते. कधी तेच हवं असतं. नको असेल तर टाचणी कापडाच्या कडेवर न लावता कडेपासून पाव इंच आत, जिथे शिवण येणार तिथे, दोन्ही बाजूंची रेघ जुळवून लावा. तिरक्या रेघेत हे दोन बिंदू वेगळ्या ठिकाणी असतात, आणि चूक इथेच होते.

वळण हवं असेल तर दोन कापडं सुलट बाजू वर करून एकमेकांवर चार इंच चढवा, दोन्ही एकदम हलक्या वळणात कापा, वरच्याचा एक आणि खालच्याचा दुसरा भाग घेऊन शिवा. वळण जितकं उथळ तितकं सपाट बसेल.

बाहेरच्या कडांना येणाऱ्या तुकड्यांचा उभा धागा कडेला समांतर ठेवा. उरेब कड टांगल्यावर हमखास लांबते. रचनेसाठी तिथे उरेब आलाच तर कडेपासून अष्टमांश इंचावर एक टीप मारून ती कड आधी बांधून घ्या. पूर्ण दर्शनी भाग 38 × 50 इंच होऊ द्या, कारण टाके पडल्यावर तो आक्रसतो. हात घट्ट असेल तर 39 × 51 धरा.

तीन थर आणि टाके

अस्तर आणि भरण 42 × 54 इंच कापा. अस्तराची विणलेली किनार काढून टाका, उभा धागा उंचीच्या दिशेने येऊ द्या. अस्तर उलट बाजू वर करून जमिनीवर पसरा आणि चारी कडा चिकटपट्टीने लावा. ते सपाट हवं, तंबूसारखं ताणलेलं नको. जास्त ताणलं की सोडल्यावर ते आक्रसतं आणि मागे चुण्या पडतात. वर भरण, वर दर्शनी भाग. मग मधून बाहेर जात चार-चार इंचांवर कच्चे टाके घाला. कच्च्या टाक्यांत वेळ वाचवायला गेलात तर तोच वेळ पुढे मागच्या चुण्या उसवण्यात जातो.

आता धावदोरा. अँकर कंपनीचा 8 नंबरचा पर्ल कॉटन (पीळदार जाडसर सुती दोरा) आणि त्याला बसेल अशी लांब नेढ्याची सुई घ्या. बोटात अंगुस्तान हवंच. रांगांत अर्धा इंच अंतर ठेवलं तर 36 इंच रुंदीच्या 96 रांगा होतात, म्हणजे जवळजवळ 88 मीटर लांबीची शिवण. वर-खाली जाण्यात आणि टोकांना जाणारा दोरा धरून सव्वाशे मीटर लागतो. 10 ग्रॅमच्या गोळ्यात 80 ते 85 मीटर येतो, म्हणून एकाच लॉटचे दोन गोळे आधीच आणा. पुढच्या लॉटची छटा वेगळी निघू शकते आणि अर्ध्यात बदललेली छटा भिंतीवर आडव्या पट्ट्यासारखी दिसते. दोरा हातभरच कापा. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासून पिंजतो.

रांगा कुठून सुरू करायच्या? कवंदीसारखं कडेकडून मधे आलं तर कडा पक्क्या राहतात, पण ढिलं कापड ढकललं जाऊन मधे गोळा होतं. कच्चे टाके दाट असतील तरच हा मार्ग घ्या. त्यातून चौकोनात चौकोन अशी जी लय उमटते ती दुसऱ्या कशाने येत नाही. मधून बाहेर जाणं सोपं आहे, पण तेव्हा कडांपर्यंत पोचेतो हात सैल पडतो. कुठलाही मार्ग घ्या, टाक्यांची दाटी सगळीकडे सारखी ठेवा. मधे अर्ध्या इंचावर आणि कडेला तीन इंचांवर टाके असतील तर मधला भाग आक्रसतो, कडा सैल राहतात आणि त्यांच्या लाटा होतात. त्या लाटा इस्त्रीने जात नाहीत. कडेला टाके वाढवणं एवढाच उपाय.

मशीनवर करायचं तर वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे नेणारा मशीनचा पाय), 14 नंबरची सुई आणि 3 मिलिमीटरचा टाका. टाक्यांची रेघ शिवणीच्या पाठोपाठ नेऊ नका. शिवणीने जे सांगितलं त्याच्या विरुद्ध दिशेला टाके गेले की पृष्ठभागाला दुसरी चाल मिळते.

काटकोन, कडा आणि नळी

टाके झाल्यावर क्विल्ट पाण्याच्या फवाऱ्याने दमट करा, सतरंजीवर सपाट पसरा, हाताने सारखी करा आणि दर तीन-चार इंचांवर टाचण्या लावून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. टाचण्या न काढता तिच्यावर खडूने 36 × 48 इंचांचा आयत आखा आणि दोन्ही कर्ण मोजा. गवंडी गुण्या लावताना 3-4-5 चं जे माप घेतो तेच इथे आहे: 36 आणि 48 च्या बाजूंना कर्ण नेमका 60 इंच. एक कर्ण 60 आणि दुसरा साडेसाठ आला तर आयत कलला आहे, पुन्हा आखा. जुळल्यावर खडूच्या रेघेबाहेर पाव इंच ठेवून कापा.

अमूर्त कामाला बाहेरून गोट लावला की चौकट बसल्यासारखी होते आणि कडेपर्यंत आलेल्या रेघा तिथेच थांबतात. त्यापेक्षा पट्टी आतून लावा. अडीच इंचांच्या, 44 इंच लांब पाच पट्ट्या कापून जोडून घ्या. दर्शनी बाजूवर सुलटावर सुलट ठेवून खडूच्या रेघेवर टीप मारा, पट्टी आणि माया एकत्र धरून पट्टीवरून कडेलगत दुसरी टीप मारा, मग पट्टी पूर्ण मागे वळवून हातशिलाईने हेम घाला. आधी उभ्या बाजू, नंतर वरची-खालची. ती दुसरी टीप चुकवलीत तर पट्टी हळूहळू पुढे डोकावते.

नळीसाठी 9 × 36 इंचांची पट्टी घ्या. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून टीप मारा, लांबी 34 होईल. लांबीत उलटावर उलट ठेवून अर्ध्या इंचावर शिवा, की 4 इंचांची नळी तयार. शिवण क्विल्टकडे ठेवून नळी मागे वरच्या कडेखाली अर्ध्या इंचावर मधोमध लावा. वरची बाजू शिवल्यावर नळीचा बाहेरचा थर अर्धा इंच वर सरकवून फुगवटा ठेवा आणि मग खालची बाजू शिवा. काठीची जाडी या फुगवट्यात मावते. तो नसेल तर काठी समोरून उंचवट्यासारखी उठून दिसते. टाका अस्तर आणि भरण दोन्ही पकडेल पण समोर दिसणार नाही असा घाला. नळीच्या टोकांचा आतला थरही अस्तराला शिवा, नाहीतर घाईत काठी घालणारा ती नळी आणि क्विल्ट यांच्या मधे घालतो.

काठी म्हणून दीड इंच रुंद, पाव इंच जाड ॲल्युमिनियमची पट्टी, 35 इंच लांब, दोन्ही टोकांना भोक पाडलेली. नळी 34, पट्टी 35, क्विल्ट 36: म्हणजे भोकं नळीबाहेर पण समोरून लपलेली. लाकडी पट्टीला वॉर्निश आणि वर धुतलेल्या सुती कापडाचा वेढा हवा. उघड्या लाकडातलं आम्ल कापडावर पिवळा पट्टा उठवतं. छताच्या पंख्याने क्विल्ट हलत असेल तर खाली अशीच एक बारीक नळी लावून त्यात पातळ पट्टी घाला.

प्रदर्शन

निवड फोटोवरून होते. एक फोटो चारही कडा दिसणारा, एक जवळून टाक्यांचा, एवढं बहुतेक ठिकाणी मागतात. पूर्ण फोटोला ढगाळ दिवसाचा व्हरांड्यातला उजेड उत्तम. कॅमेरा क्विल्टच्या मध्याच्या उंचीवर आणि तिला समांतर ठेवा, आणि जवळ जाण्याऐवजी मागे जाऊन झूम करा, नाहीतर सरळ कडा फुगीर येतात. टाक्यांच्या फोटोला मात्र उजेड एका बाजूने घासून येऊ द्या, तरच उठाव दिसतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 1979 पासून दर दोन वर्षांनी भरणाऱ्या ‘क्विल्ट नॅशनल’सारख्या ठिकाणी पाठवायचं तर रचना स्वतःची हवी आणि नियमावलीतली थर-टाके, आकार आणि काम कधी पूर्ण झालं याची अट आधी वाचायला हवी.

स्वतःचं प्रदर्शन करायचं तर मुंबईच्या जहांगीरसारख्या दालनाच्या तारखा फार आधी मागाव्या लागतात. अर्ज करण्यापूर्वी दालनात टेप घेऊन जा. 36 इंचांचं काम आणि शेजारी 30 इंच मोकळी जागा म्हणजे प्रत्येकी साडेपाच फूट, तेव्हा 60 फूट भिंतीवर दहा कामं. अकरावं घरी ठेवा. भिंतीला खिळा चालतो की वरच्या पट्टीवरून तार सोडावी लागते, हेही तिथेच विचारा आणि त्याप्रमाणे भोकं किंवा हुक तयार ठेवा. कामाचा मध्य जमिनीपासून 58 ते 60 इंचांवर येऊ द्या. बाहेरच्या बाजूची भिंत पावसाळ्यात ओल धरते, तिथे पट्टीमागे अर्ध्या इंचाचे गुटके लावून हवा खेळू द्या. संग्रहालयं कापडासाठी 50 लक्स इतका मंद उजेड ठेवतात. आठवड्याच्या प्रदर्शनात तेवढं जमलं नाही तरी खिडकीचं ऊन आणि अगदी जवळचा स्पॉट टाळा.

मागे खालच्या कोपऱ्यात सुती कापडाची पट्टी शिवा: कामाचं नाव, तुमचं नाव, वर्ष, माप, कापड-दोरा-भरण काय आहे ते, आणि धुण्याबाबत सूचना. समोरच्या फलकावर माध्यम स्पष्ट लिहा, जसं ‘जुनं सुती कापड, हाताचा धावदोरा’. शक्य असेल तर शेजारी हात लावायला एक वेगळा नमुना-तुकडा ठेवा. लोक कापडाला हात लावतातच, आणि घामाचा हात फिक्या कापडावर काळसर डाग ठेवतो.

पाठवताना घडी नको. 4 इंच व्यासाच्या पोकळ नळकांड्याला धुतलेला मांजरपाट गुंडाळा आणि क्विल्ट दर्शनी बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे चुण्या अस्तरात पडतील, समोर नाही. त्यावर पुन्हा सुती कापड, आणि प्लास्टिक फक्त प्रवासापुरतं सर्वात बाहेर. परत आल्यावर ते त्याच दिवशी काढा. कोकणात आणि मुंबईत प्लास्टिकमध्ये कोंडलेल्या दमट सुताला पावसाळ्यात बुरशी फार लवकर धरते. नळकांड्यात टांगायची पट्टी, स्क्रू आणि कुठली बाजू वर हे दाखवणारा छापील फोटो घाला. अमूर्त काम उलटं टांगलं जाण्याची शक्यता खरी असते, म्हणून क्विल्टच्या मागच्या वरच्या नळीवर दोऱ्याने बाणही काढा.